गिलावा : पहा, भित्तिचित्र

१ एप्रिल १९७४
आजपासून रोजनिशी. स्वतःच्या शिस्तीसाठी, दुसऱ्या कोणी वाचायची गरज नाही. ज्ञानकोशाच्या पहिल्या खंडातला कलाविभाग माझ्याकडे आला. पंचेचाळीस पानं. आतल्या पानावर माझं नाव. मुदत १० जून. मुख्य संपादक मनोहरराव म्हणाले, "बाई, जमेल ना जी?" तेवीस वर्षं कॉलेजात कलेचा इतिहास शिकवला त्या बाईला हा प्रश्न! नुसतं पाहिलं. ते पाणी प्यायला गेले.

४ एप्रिल
लेखकांच्या नोंदी आल्या. संताप. अजिंठ्यावर लिहिणारा भिंतीचा गिलावा कसा करत ते सांगतो. भित्तिचित्रावर लिहिणाराही तेच सांगतो. रंगांवर लिहिणाराही! कागद काय झाडाला लागतो? नियम केला : एक गोष्ट एकाच ठिकाणी. बाकी सगळीकडे 'पहा'. वाचकाला ज्ञान आयतं मिळता कामा नये. चार पानं उलटली की डोक्यात राहतं.

१२ एप्रिल
कात्री घेतली. अजिंठ्यातला गिलावा कापला. 'पहा : भित्तिचित्र.' नोंद कशी सुटसुटीत झाली! कापलेल्या पट्ट्या ऑफिसच्या पार्वतीबाईला शेगडी पेटवायला दिल्या. म्हणाली, "शिकल्या-सवरल्या कागदानं चहा लवकर होते जी, बाई." सबंध रामदासपेठेत एवढीच समजदार.

२६ एप्रिल
कूलर बंद. डोकं तापलेलं. तरी काम थांबलं नाही. भित्तिचित्रातला गिलावा कापला. 'पहा : रंग.' रंग लागतो कशाला? गिलाव्याला. मग तिथेच वाचा.

८ मे
रंगातलाही गिलावा कापला. उदाहरणाशिवाय रंग कळतो का कोणाला? 'पहा : अजिंठा.' पंचेचाळीस पानांची एकोणीस झाली. मनोहररावांना सांगितलं, तर म्हणाले, "एवढं कमी?" यांना कौतुक म्हणून करता येत नाही.

१५ मे
मदतनीस चारुलता. एम.ए. होऊन वर्ष झालं नाही. म्हणते, "मॅडम, पण गिलावा शेवटी आहे कुठे?" म्हटलं, जिथे 'पहा' लिहिलंय तिथे. म्हणाली, "तिथेही 'पहा'च आहे ना." उद्धटपणा. संदर्भ म्हणजे काय तेच या मुलींना ठाऊक नाही. कार्डांचे डबे पुसायला लावलं. उद्यापासून संताप करायचा नाही, असं ठरवलं.

१६ मे
केला. चारुलतेने डबे उलटे लावले होते.

२ जून
मनोहररावांची नवी टूम : छापण्याआधी साध्या वाचकाला दाखवू. कळमेश्वरचे ड्रॉइंग मास्तर दादाजी आले. म्हणाले, "पोरायनं शाळेच्या भिंतीवर चित्रं काढले, पाऊस आला का सारे पोपडे निघतात. गिलाव्यात काय टाकाचं तेवढं पाहू द्या." अकराला बसले. बोट धरून वाचत होते. मन लावून वाचणारा माणूस, मला बरं वाटलं. तीनला उठले. "बाई, मी तीन चकरा मारल्या, तरी अजिंठ्यालेच येऊन राहिलो. गिलावा काही भेटला नाही जी."
चारुलता हसली. मनोहररावही. तेवढ्यात पार्वतीबाई चहा घेऊन आली. म्हणाली, "तो त मी जाळला ना."

३ जून
तिन्ही लेखकांना विचारलं. एकानेही नक्कल ठेवलेली नाही. काय हा निष्काळजीपणा! हरकत नाही. गिलावा मी स्वतः लिहिणार. एका बैठकीत.

५ जून
लिहिलं : 'भिंतीला लावतात तो गिलावा.' वाक्य चांगलं आहे. पुढे अडलं. माझ्या जुन्या कॉलेजच्या वह्या काढल्या. समासात माझ्याच सुंदर अक्षरात : 'गिलावा – परीक्षेला येत नाही.'

९ जून
मनोहररावांकडे आठ दिवस मागितले. म्हणाले, "प्रेस थांबत नाही, बाई." पूर्वी प्रेस थांबत असे.

२ ऑगस्ट
खंड हातात आला. विभाग अकारविल्हे आहेत. कला शोधली. एक ओळ : 'कला – पहा : खंड दुसरा.' लगेच खाली कापूस. माझी पंचेचाळीसच्या पंचेचाळीस पानं कापसाला! किडीचीसुद्धा चित्रं आहेत, रंगीत.
मनोहररावांना विचारलं, दुसरा खंड कधी? म्हणाले, "तो मंजूर कुठे झाला जी अजून?"
आतलं पान दोनदा पाहिलं. चारुलतेचं नाव आहे. 'कापूस : साहाय्य.' माझं नाही.
आणि ती ओळ? ती पद्धत कोणाची? एक गोष्ट एकाच ठिकाणी, बाकी 'पहा' – शब्दन् शब्द माझा. सरळ उचलली, आणि श्रेय नाही. उद्या मनोहररावांना कडक पत्र. या वेळी नक्कल ठेवणार.