खरवडलेली पाटी

आबा, परवा पेठेतली चार-पाच कॉलेजची पोरं-पोरी घरी आली होती. सांगलीतल्या जुन्या दुकानांच्या पाट्या भंगारात जाऊ नयेत म्हणून गोळा करतायत. त्यांच्याकडं भांड्यांच्या दुकानाची पाटी होती, खाली कोपऱ्यात तुमचं नाव. "आजी, हा तुमच्या वडिलांचाच हात ना?" मी हो म्हणून बसले.

सत्तरच्या दशकातली ती दसऱ्याआधीची गडबड आठवते. तुम्ही इस्लामपूरला कारखान्याच्या गाड्यांवर नंबर घालायला गेलाय आणि भांड्यांच्या दुकानाच्या शेठजींना पाटी ताजी करून हवीय. पाटी तुमच्या मास्तरांनी लिहिलेली, ज्यांनी तुमच्या हातात ब्रश दिला त्यांनी. तुमची रीत मला ठाऊक होती. मास्तरांचं अक्षर पुसायचं नाही, धूळ झटकायची आणि त्याच कडा धरून नवा रंग भरायचा. पण तुमच्या मागं काम मी अंगावर घेतलं, आणि मला मेलीला कला दाखवायची खुमखुमी! पॉलिश पेपरनं घासघासून पत्रा उघडा केला, लाल अक्षरांना पिवळी सावली दिली. खाली तुमचं नाव घातलं, कारण बाईचं नाव तेव्हा कोण घालू देणार? शेठजी जाम खूश.

तुम्ही आलात आणि सायकल हातात धरूनच पाटीखाली उभे राहिलात. मी शाबासकीची वाट बघत होते. "अक्षर लय देखणं काढलंस गं," तुम्ही म्हणालात, "पर मास्तरांची ही शेवटची पाटी हुती. आता त्यांचा हात गावात कुटंच न्हाई."

"आवं, पार जुनाट झाली हुती की!" मी फणकारले. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. मी मात्र कौतुक झालं नाही म्हणून आठवडाभर धुसफुसत होते. लाज वाटते आबा, अजून वाटते.

परवा त्यातल्या एका पोरीनं वही उघडून विचारलं, "याच्या आधी पत्र्यावर काय होतं, आजी?" मास्तरांचं नाव सांगणारी आता मी एकटीच उरलेय. मी गेले की तेही गेलं. आणि मी काय म्हणाले? "काही नव्हतं बाळ. पत्रा कोरा होता." तिनं तसंच लिहून घेतलं.

रविवारी पाटी शाळेच्या सभागृहात लागणार आहे. खरं सांगून यायचं मी रोज सकाळी ठरवते, चप्पल घालते आणि दारातूनच मागं फिरते. पेठेत अजून मला पेंटरची लेक म्हणून मान आहे. तो सोडवत नाही, आबा.