बांध, फेटा आणि लखमा पाटील यांचा मान

मी, कुंडलिक जैतू वेखंडे, वय अदमासे बहात्तर, धंदा शेती व सुतारकाम, राहणार आमराईपाडा, शेणव्याच्या पुढे, तालुका शहापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहते घर पत्नी गिरजा हिचे, ती असेपर्यंत. नंतर मुलगा अनिल याचे. मुरबाडकडे दिलेली मुलगी अनिता हिला पडवीची खोली कायम मोकळी ठेवावी.

२. वाकस, रंधा, पटाश्या, दोन्ही करवती अनिताला. मुलीला कसली हत्यारे, असे म्हणणाऱ्याने तिने स्वतः केलेला देव्हारा पाहून यावा.

३. ओहळाकाठची भातजमीन अनिलला, पूर्वेच्या पट्टीसकट. त्या पट्टीविषयी लिहिणे भाग आहे. सन १९९४ साली देवीचा कौल लावून नेमलेले आमच्या गावकीचे प्रमुख लखमा पाटील यांनी आपल्या चुलतभावासाठी तिथला बांध आत सरकवला आणि वर स्वतःच न्यायाला बसून माझ्याविरुद्ध निकाल दिला. मी बैठकीत उभा राहून हे चूक आहे म्हणालो. मग शहापूरला तहसील कचेरीत अर्ज केला, पाटलांच्या समोर जबानी दिली. सहा वर्षांनी मोजणी होऊन पट्टी परत आली.

हा वाद चालू असतानाही गावदेवीच्या उत्सवात मानाचा नारळ मी त्यांच्याच हातून घेतला. अनिलला ते कधी पटले नाही.

१९९८ साली पाटलांची पत्नी हिरी वारली आणि ते दारूला लागले. त्या वर्षी आरतीचे ताट हातात असताना ते देवीच्या पायरीवर पडले. फेटा सुटून खाली गेला. लोक हसले. अनिल पुढे झाला, म्हणाला, ताट काढून घ्या आणि ह्याला आत्ताच हाकला. मी फेटा उचलला, झटकला, पाटलांना बसवून त्यांच्या डोक्याला पुन्हा बांधला. अनिलला एवढेच म्हणालो, "त्याला उतरवायचा तर बैठकीत, तोंडावर सांगू. देवीनं बसवलेल्या माणसाची तिच्याच दारात फजिती करायची नाय."

पुढच्या बैठकीत पहिला मीच बोललो. दारू सुटेपर्यंत ताटाला हात लावू नका, असे पाटलांना सांगितले. त्यांनी मान खाली घालून ऐकले. दोन वर्षे ते मागच्या रांगेत उभे राहिले, तिसऱ्या वर्षी ताट पुन्हा त्यांच्याकडे आले. बापाला कणा नाय, असे म्हणून अनिल वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

अनिल, मी पाटलांना भ्यालो नव्हतो. माणूस चांगला आहे म्हणून मान दिला असता, तर तो माझ्या पारखेवरचा विश्वास झाला असता. माझा विश्वास देवीवर होता. खोटे दिसले तिथे बोलणे माझे काम, ते मी केले. शिक्षा तिच्याकडे ठेवली.

४. पाटलांवरचा माझा राग. तो होता, थोडा अजून आहे. तो कोणाच्याही वाट्याला देत नाही. माझ्याबरोबर जाळावा.

५. माझे दिवस पाड्यातच करावे. पहिला नारळ पाटलांच्या हातून फोडावा आणि तो अनिलने त्यांच्या हाती द्यावा.

साक्षीला मी पाटलांनाच बोलावले. त्यांनी सर्व वाचून घेतले. तिसरे कलम दोनदा वाचले. मला वाटले, उठून जातील. मग म्हणाले, "बांध सरकवला, एवढंच लिवलंस, कुंडलिक. जाणूनबुजून सरकवला, असं लिव. नायतर मी सही करनार नाय."

सबब तिसऱ्या कलमात 'बांध' या शब्दापुढे 'जाणूनबुजून' हा शब्द वाचावा. ही दुरुस्ती साक्षीदाराच्या सांगण्यावरून, मला मान्य असून, केली आहे.

लिहून ठेवणार: कुंडलिक जैतू वेखंडे (सही)

साक्षीदार:
१. लखमा रघू पाटील (सही)
२. सावळी ओमकार निमसे, अंगणवाडी सेविका (सही)

मुक्काम आमराईपाडा, दिनांक १२ डिसेंबर २००५