मी उपटलेलं जंगल

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खरं तर सातच अंगांचा, कंबर धरली आहे, आठवं अंग पुढच्या खेपेला.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे एका घरात राहतो आहोत आणि कालपासून एकमेकांशी बोलतोही आहोत. मधले दिवस कसे गेले ते सांगायलाच हे पत्र.

तुमची भाचेसून विद्यापीठात जंगलावर संशोधन करते, हे तुम्ही चारचौघांत कौतुकानं सांगता. पण ती नेमकं काय करते हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि मलाही नव्हतं. विद्यापीठामागे दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. तिथल्या उघड्याबोडक्या उतारावर आमच्या बाहेरच्या खोलीएवढा तुकडा तिनं तारेचं कुंपण घालून राखला होता. मला वाटायचं, पुढेमागे इथं ही झाडं लावणार. मध्यंतरी ती परिषदेला परगावी गेली आणि जाताना सांगून गेली, "कुंपणात शेळ्या शिरत नाहीत ना, तेवढं बघ." शेळ्या शिरल्या नाहीत. मी शिरलो.

मामा, तुम्ही माझा धंदा जाणता. छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या मजकुरातलं फालतू ते काढून टाकायचं, यावर माझं पोट आहे. त्या तुकड्यात गवत, काटे, वेली, वाकड्यातिकड्या काड्या अशी नुसती बजबजपुरी. बायको एवढी शिकलेली, आणि तिच्या जागेची ही कळा, याची मला लाज वाटली. खुरपं आणलं, दिवसभर उकिडवा बसलो, आणि संध्याकाळपर्यंत जमीन अशी केली की तिच्यावर सतरंजी अंथरावी. (कडेनं चुन्याची रेघही मारली.)

ती आली तशी तिला स्टेशनवरून थेट तिकडेच घेऊन गेलो. तिनं बॅग खाली ठेवली आणि कुंपणाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "इथलं रान कुठं गेलं?" मी म्हटलं, "फार माजलं होतं." "माजवायचंच होतं," ती म्हणाली. माणसाचा हात लागला नाही तर जंगल आपलं आपण परत येतं का, हे ती तीन वर्षं पाहत होती. त्या काड्या म्हणजे झाडं होती. त्यातलं एक गेल्या उन्हाळ्यात वाळलं म्हणून तिनं आशा सोडली होती, आणि यंदा त्याला दोन पानं फुटली होती. मामा, ती रागावली असती तर मी निभावून नेलं असतं. ती उपटलेला ढीग उपसत बसली, आणि त्यातलं रोप कुठलं नि गवत कुठलं हे मला ओळखता येईना, म्हणून मदतही करता आली नाही.

चौथ्या दिवशी मी आपण होऊन तिच्या मार्गदर्शक बाईंकडे गेलो आणि गुन्हा कबूल केला. बाई आम्हा दोघांना घेऊन खाणीवर आल्या आणि ढिगातली एकेक काडी माझ्यासमोर धरून विचारू लागल्या. हे का उपटलंत? मी म्हटलं, वाकडं होतं. हे? एकटंच उंच वाढलं होतं, आगाऊ वाटलं. आणि हे? तोवर हात बसला होता. बाई शांतपणे टिपून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "शेळ्या काय खातात ते आम्हाला माहीत आहे. सज्जन माणूस काय उपटतो, यावर आमच्याकडे कुणी काम केलेलं नाही." त्यावर इतका वेळ पाठ फिरवून बसलेली तुमची भाचेसून हसली, आणि हसता हसता रडली. आता प्रबंधात एक प्रकरण वाढतं आहे. त्यात माझं नाव नाही. 'मानवी उपद्रव' एवढाच उल्लेख आहे. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
उपद्रवी भाचा

ता. क. एका माणसावरून शास्त्रात काही सिद्ध होत नाही म्हणे. निदान तिघं हवेत. नीटनेटके, आणि न विचारता दुसऱ्याच्या कामात हात घालणारे. असं कुणी ओळखीचं आहे का, असं बाईंनी विचारताच माझ्या तोंडून तुमचंच नाव निघालं. मामी धरून तीन होतात. चार दिवस हवापालटाला या.

आणखी एक ता. क. हिनं आत्ताच पत्र वाचलं. म्हणते, येणाऱ्याला यातलं काही ठाऊक असता कामा नये. तेव्हा मामा, तुमच्या गुडघ्याला इथली हवा मानवेल, एवढंच मी लिहिलं होतं असं समजा. आणि मामींना तर तेवढंही सांगू नका.