उपटसुंभाचा फडशा

३ मार्च
जलपर्णी धक्क्याला टेकली. बदकाच्या आकाराच्या माझ्या पेडल-बोटी तिच्यात रुतल्या. तलावखात्याचे साहेब सांगून गेले, पंधरा एप्रिलला पाहणी. बोट समोरच्या काठाला जाऊन परत आली नाही, तर धक्का दुसऱ्याला. मी शांत. पंक्चरच्या टपरीपासून इथवर आलो, तो काय पाल्याला भिणार? बायकोला म्हटलं, कुठला उपटसुंभ घुसलाय, बघतोच त्याला. म्हणाली, अहो, उपटसुंभ आहे तर उपटा ना.
तिला विनोदाची जाण कमी.

५ मार्च
थोडी उपटून पाहिली. कंबर धरली. मुळं केसांसारखी लांब. बायको म्हणाली, तुमच्याहून दाट.
संकल्प: यंत्र.

११ मार्च
यंत्र तयार. बदकाच्या चोचीखाली घरच्या पंख्याची पाती. पेडल मारलं की गरगरतात. कल्पना माझी, जोडकाम मेहुण्याचं. नाव ठेवलं 'फडशा'. मेहुणा म्हणाला, दाजी, बदकाला मिशा फुटल्या. जळतो.
घरात उकडतंय.

१४ मार्च, संध्याकाळ
अफाट! पानं, देठ, सगळ्याच्या चिंधड्या. एक चिंधी माझ्या चहात. पाणी दिसलं! बायको म्हणाली, तुकडे बाहेर नाही काढायचे? समजावलं, मेलेल्यांना कशाला बाहेर काढायचं? म्हणाली, लोक तर आधी त्यांनाच काढतात.

२३ मार्च
तुकड्यांना कोंब. काळजी नाही. विझताना दिवा मोठा होतो.

१ एप्रिल
दिवा फारच मोठा. जिथे नव्हती तिथेही आता जलपर्णी. मेहुणा म्हणाला, दाजी, फडशा कसला, ही तर पेरणी. त्याच्याशी अबोला.
दुपारी अबोला स्थगित. पाना हवा होता.

८ एप्रिल
पाती दुप्पट केली. बायको रोज पहाटे बोट घेऊन काठाकाठाने हाताने उपटत जाते, मुळासकट पोत्यात भरते, धक्क्यामागे वाळत घालते. माणसाला एखादा छंद असावा. ढीग टेकायला मऊ आहे.

१५ एप्रिल
पाहणी. काठाकाठाने बायकोची मोकळी वाट होती, थेट समोरपर्यंत. त्या वाटेने गेलो नाही. यंत्राला आव्हान हवं. साहेबांना म्हटलं, बघाच आता. मधोमध पात्यांत मुळांचा गुंता बसला. पुढे नाही, मागे नाही. साहेब ओरडले, काय झालं? म्हटलं, निरीक्षण करतोय. बराच वेळ केलं. एक बगळा येऊन माझ्या बदकाच्या डोक्यावर बसला.
तेवढ्यात बायकोने साहेबांना तिच्या बोटीत घेतलं, आपल्या वाटेने समोर नेलं आणि परत आणलं. जाताना साहेबांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, ते मध्येच काय अडकलंय? पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. ती म्हणाली, ते आमचे हे.
मग मेहुण्याने दोर टाकला. बगळा धक्क्यापर्यंत सोबत होता.

१६ एप्रिल
धक्का राहिला! शेवटी मी म्हटलं तसंच झालं. परवाना मात्र बायकोच्या नावावर निघाला. साहेबांची ऐकण्यात चूक झाली असावी. मेहुण्याने पाती काढून पंखा घरी लावला. वारा बरा लागतो, जरा जलपर्णीचा वास येतो.
उद्या पहाटेपासून उपटायला मी. म्हटलं, पण माझा काहीतरी हुद्दा हवा. बायको म्हणाली, तो तुम्हीच ठेवलाय की. उपटसुंभ.