आईच्या चटणीपाशी अडलं

मंगळवार, संध्याकाळ

झालं एकदाचं! माझ्या वेबसाइटवरच्या सगळ्या पाककृती नव्या होस्टिंगवर आल्या. जुनं आज बंद होणार होतं, त्यामुळे दिवसभर याच्याच मागे होते.

हे शेअर्ड होस्टिंग म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट, स्वस्तातलं, एवढी मोठी डेटाबेस फाइल एकदम घेतच नाही. म्हणून तुकड्या-तुकड्यांनी भरणारी स्क्रिप्ट लावली. तर ती दर वेळी आईच्या शेंगा चटणीपाशीच अडायची. का? तर म्हणे, एका नोंदीत इतक्या ओळी चालत नाहीत. आईने सांगितलं तसं मी ओळ न् ओळ टिपलेलं. शेंगा कुठल्या, उखळ कुणाचं, कुणाच्या लग्नात चटणी किती तिखट झाली. बाबा आयुष्यभर आईला जे म्हणत आले तेच स्क्रिप्ट म्हणत होती, आवर आता!

चटणी काढूनच टाकणार होते. खरंच. बरं झालं, आधी नसीमला फोन केला. जुन्या ऑफिसातली मैत्रीण. ती ओरडलीच, "काट नक्को गे! स्क्रिप्ट में ओळींची लिमिट है, वो बढ़ा." एक आकडा बदलला आणि गाडी पुढे सरकली. नसीम, तुझे उपकार कसे फेडू?

मग आईला ती चटणी मोठ्यानं वाचून दाखवली. तिचं ऑपरेशन झाल्यापासून ती व्हय-न्हाय एवढंच बोलते. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "लसणाचं ऱ्हायलंच की. लिवून घे."

आणि बोलतच बसली.

स्क्रिप्टमधला आकडा मी आणखी वाढवून ठेवलाय.