उजव्या गालातली कळ

आई, तुझं दुखणं आता माझ्या उजव्या गालात आलं आहे. मागच्या हिवाळ्यात वाशीमला ऑफिसला निघताना तोंडावर पाणी मारलं आणि नाकाशेजारून कानापर्यंत वीज गेली. बेसिन धरून उभी राहिले, आणि इंझोरीच्या घरातली तू डोळ्यांपुढे आलीस. चुलीपुढे बसली आहेस, घास तोंडापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. आम्ही दोघी बहिणी नुसत्या बघत राहतो. एकदा मी गालाला हात लावायला गेले तर तू ओरडलीस, "हात नको लावू, पोरी! अंदर करंट हाये." शेकून शेकून सुजलेल्या त्या गालावर पदर धरून तू शेतात तुरीची कापणी, सोंगणी करायला जायचीस. शेलूबाजारला जाऊन एकामागून एक चांगल्या दाढा काढून घेतल्यास. दाढा गेल्या, कळ गेली नाही. शेवटी तू बोलणंच सोडलंस.

माझीही एक दाढ अशीच गेली. मग नसांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दाढ नाही, चेहऱ्याची नस आहे. गोळीने कळ मागे सरते, पण जात नाही. डोकं जड होतं, साधे शब्द आठवत नाहीत. पंख्याचा वारा, एखादं हसू, कळ उठायला काहीही पुरतं. मग संध्याकाळपर्यंत गालाला हात लावता येत नाही. कळ नसते त्या दिवशी मी जास्त घाबरलेली असते.

परवा धाकटीचा फोन आला. "ताई, दाढ ठणकून राह्यली. वारा लागला का कानापावतर चमक जाते. उद्या काढूनच घेतो."

"दाढेले हात लावू देऊ नको. पहिले इकडे ये."

"काहून?"

मी तिला गाडीची वेळ सांगितली आणि फोन ठेवला.

आज ती आली. डॉक्टरांनी कापसाचा बोळा तिच्या ओठाजवळून हलकेच फिरवला, आणि ती किंचाळून खुर्चीतून उठली. बाहेर आल्यावर तिने माझं मनगट घट्ट धरलं. "माय शेवटी बोलतच नव्हती, ताई. आपलंबी तसंच होईन काय?"

"आता गोळ्या हायेत," मी म्हटलं. होईल की नाही, ते डॉक्टरांना मी अजून विचारलेलं नाही.

पहिली गोळी घेऊन ती आतल्या खोलीत पडली आहे. तू तर गेलीस, हा कागद मी कुठे टाकणार? पण तुझ्याशिवाय हे कोणाला सांगू? ती खुर्चीत किंचाळली ना, तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं, आई. मी एकटी उरले नव्हते.