रांजणातल्या कांड्यांना ऊन दाखवलं त्याची हकिकत

तीर्थरूप श्वेझेनताईस,

धाकट्या आगेनचा नमस्कार. या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे निंगबोत सगळे ठीक. माझी तब्येतही ठणठणीत (दातांचं मागाहून लिहितो).

शिजवलेला तांदूळ कुटून, वळून तू गावाहून पाठवलेल्या कांड्या मी नेहमीप्रमाणे रांजणात, पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या. म्हटलं, थंडी सरेपर्यंत मऊ राहतील, हव्या तेव्हा चिरून परतू. आणि आठवडाभर शाओशिंगला मित्राकडे गेलो. आता आपली नवी सून मियाओ पडली उत्तरेची, शानदोंगच्या गव्हाच्या मुलखातली. (पोरगी गुणाची आहे, फक्त तिकडे कांड्या पाण्यात ठेवत नाहीत.) तिने झाकण काढलं, तर सगळा माल पाण्यात! तिला वाटलं, सासऱ्याच्या हलगर्जीपणाने नासला. एकेक कांडी पुसून तिने गॅलरीत, माझ्या विजारींशेजारी, उन्हात वाळवली.

परत येऊन बघतो तर सगळ्या तडकून कौलांसारख्या झालेल्या. चार शब्द अगदी ओठांवर आले होते. इतक्यात ती हात पुसत आली नि म्हणाली, "बाबा, सगळ्या वाचल्या. एकही कुजली नाही."

ताई, लग्नाला वर्ष होत आलं, पण तोवर तिने मला काहीच म्हणून हाक मारली नव्हती. भिंतीकडे बघून "जेवण तयार आहे" म्हणायची. मी म्हणालो, "छान केलंस, पोरी."

मग परतायला घेतल्या. सुरीची मूठ माझ्या हातात आणि पातं कांडीत राहिलं, तेव्हा हातोडी काढली. मांस, बांबूचे कोंब, खारवलेली भाजी, सगळं शिजून मऊ झालं तरी कांड्या कढईत खडखडतच होत्या. पाणी ओतलं, तर बाहेरून खळ नि आतून खडा. चिरंजीव एक घास घेऊन फोन आला म्हणून उठले (फोन वाजला नव्हता). मी वाडगा संपवला.

तुझा,
आगेन

ता.क. नववर्षाला येशील तेव्हा तिच्यादेखत रांजणाचं झाकण काढू नकोस. काढलंसच तर आत कोरड्या कांड्या बघून हसू नकोस.

ता.क. नव्या कांड्या आणू नकोस. त्याही वाचवेल.

ता.क. खरं काम राहिलंच. गावातल्या त्या दातांच्या डॉक्टरकडे माझं नाव घालून ठेव. काल तिने विचारलं, "बाबा, आणखी वाढू?" मी हो म्हणालो. आजही म्हणणार आहे.